येतो म्हणावं

दुधाळीच्या उतारावर, गिरणीच्या माडीवर आमची बालवाडी.
पायऱ्या अकरा. अकरावीवर चपला
जोडीनं लावायच्या, हा पहिला धडा.
दुसरा भिंतीवर: वरनं छापून आलेला तक्ता,
पिठानं पांढुरका. त्यात इस्त्रीच्या फ्रॉकमधली मुलगी
हात जोडून म्हणते, "नमस्कार. मी येते."

आमच्या पोरी म्हणतात, "येतो बाई."
तस्मिया म्हणते, तिचं ऐकून गिरिजा म्हणते,
गिरिजाची आई म्हणते, दळणाचा डबा कमरेवर घेऊन.
आणि तक्त्यावर छडी ठेवून
"ये... ते" अशी फोड करून शिकवणारी मी
घरी सासूबाईंना रोज काय म्हणतो?
म्हणतो, "आत्या, येतो हं."
बघा, सांगतानाही सुटलंच.

तपासणीच्या बाई आल्या तेव्हा
तीन दिवस घोटून घेतलेला नमस्कार
कुणाच्याच हातात सापडेना.
गंगावेशीत ज्याच्या आजोबांची म्हैस उभी असते
तो संग्राम तेवढा उठला, पाट पुढं सरकवला,
"या की. बसा की. दूध घेणार?"
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
बसल्या मात्र पाटावरच.

धैर्यशीलला निघताना "येतो" म्हणवेना.
चार वर्षांचं पोर, दप्तर गुडघ्यापर्यंत लोंबतं,
दारात थांबून स्वच्छ म्हणायचा,
"जातो."
जातो म्हणू नये राजा, मी म्हटलं. येतो म्हणावं.
"का?"
काला तक्त्यात चौकट नव्हती.
म्हटलं, गेलेलं माणूस परत येतं, म्हणून.
अंगठ्यानं चपलेचं भोक शोधत तो म्हणाला,
"आई येतो म्हणाली.
आली न्हाई."

आई माहेरी, राधानगरीच्या बाजूला, बाळंतपणाला.
मला ठाऊक होतं. त्यालाही सांगून झालं होतं.
पण सव्वा महिना म्हणजे किती
हे एवढ्याशा बोटांवर मावत नाही.
त्या दिवशी मी शब्द दुरुस्त केला नाही.
"जा," म्हटलं, "सावकाश जा. पायरी ओली आहे."

बाकीच्यांना काय, दुसऱ्याची चूक म्हणजे खाऊच.
"बाई, ह्यो परत जातो म्हणाला!"
रोज दुपारी साडेबाराला हीच ओरड.
तस्मियानं ती मिटवली, मला न विचारता.
दाराशी त्याच्या शेजारी उभी राहायची,
स्वतःचं एक म्हणायची, "येतो बाई,"
आणि थोडं थांबून त्याच्या वाटणीचं,
"येतो बाई."

मग एका सोमवारी, प्रार्थनेच्या मध्येच,
खालून पायऱ्या मोजत कुणीतरी वर आलं.
डोक्याला रुमाल, अंगाला शेक-शेगडीचा वास,
हातात दुपट्यातलं गाठोडं.
धैर्यशील आईकडं धावला नाही.
तिच्याकडं बघितलंही नाही नीट.
गाठोड्यासमोर जाऊन उभा राहिला,
तक्त्यातल्या मुलीसारखे कोपर शरीराला टेकवून
दोन्ही हात जोडले,
"या. बसा."
आणि संग्रामकडं एकदा बघून,
"दूध घेणार?"

गाठोड्यानं अख्खं तोंड उघडून जांभई दिली.
तोंडावर हात नाही, काही नाही.
गिरिजा सांगायला उठली, नियम सातवा,
तस्मियानं तिचा फ्रॉक धरून खाली बसवलं.

आई रडत होती का, मी पाहिलं नाही.
मुलांची ओळ सरळ करत होतो.

निघताना तो सवयीनं म्हणाला, "जातो."
आईनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, असू दे.
पाच-सहा पायऱ्या उतरले असतील,
आणि धापा टाकत परत दारात हजर:
डाव्या पायात त्याची चप्पल,
उजव्यात संग्रामची.